दुबई धुळ्याइतकीच लांब

देवाशपथ सांगतो, यातला शब्दन् शब्द खरा आहे. निदान बराचसा तरी.

ट्रंक कॉलच्या जमान्यातली गोष्ट. जळगावच्या पिंप्राळ्यात आमच्या शेजारी शिंदखेड्याकडचे नाना राहायचे. त्यांच्या सुमनला दुबईतल्या इंजिनिअरचं स्थळ आलं. नानांचा एकच हट्ट, पोरगी धुळ्यापलीकडे द्यायची नाही. मध्यस्थ मी.

म्हटलं, "नाना, जळगावहून धुळ्याला एसटीनं किती वेळ लागतो?"

"एरंडोल, पारोळा करत तीन तास."

"मुंबईहून दुबईला विमान तेवढ्याच वेळात उतरतं!"

नाना चकित. "मंग दुबई नी धुळं सारखंच शे?"

"अगदी सारखंच!"

नाना सुपारी कातरू लागले. मग म्हणाले, "भाऊ, पोर सासरी रुसनी, तर धुळ्याहून पिशवी उचलीसन एसटीमा बशी येई. दुबईहून कशी येई?"

स्थळ मोडलं आणि सुमनला धुळ्यातच दिली.

आता खरं सांगतो. नानांनी असं काही विचारलंच नाही. दुबई तीन तासांवर म्हटल्याबरोबर त्यांनी मला पेढा भरवला. लग्न दुबईवाल्याशीच झालं. तो प्रश्न विचारला सुमननं, मुंबईच्या विमानतळावर, हसत हसत. "नाना, रुसून यावंसं वाटलं तर कशी येऊ हो?" नाना तिच्या बॅगेची दोरी पुन्हा पुन्हा आवळत राहिले.

म्हणून मी तो प्रश्न नानांच्या तोंडी घालतो. तेवढीच गोष्टीत तरी पोरगी धुळ्याला राहते.