लिफ्टमधली बेरीज

हसणार नसाल तर सांगते. सोसायटीतली अर्धी मुलं कोडिंगला जायला लागली आणि आपली ईराच मागे पडणार या टेन्शनने माझी झोप उडाली. सानपाड्यातल्या एका क्लासमध्ये घेऊन गेले तिला. सर म्हणाले, "आधी गणित बघतो. ते कच्चं असलं की मुलं कोडिंगमध्ये रडतात. नाही जमलं तर पुढच्या वर्षी या."

मी निर्धास्त. शाळेतून येताना रोज लिफ्टच्या बटणांवर बोट ठेवून बेरीज-वजाबाकी मीच शिकवली होती. इंजिनिअर आहे मी. म्हणजे डिग्री तरी आहे.

"बारा अधिक एक?" सरांनी विचारलं.

"चौदा," ईरा म्हणाली.

"बारा अधिक दोन?"

"पंधरा."

"चौदा वजा एक?"

"बारा."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे.

"बेटा, तेरा कुठे गेले?"

"तेरा नसतंच, सर. आमच्या लिफ्टमध्ये बारानंतर चौदाचं बटण आहे."

अपशकून नको म्हणून आमच्या बिल्डरने तेरा नंबर मजल्याला दिलेलाच नाही. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

सर म्हणाले, "तिन्ही उत्तरं चुकली, पण एकाच नियमाने चुकली. कॉम्प्युटरचंही असंच असतं, शिकवाल तसंच करतो. हिला घेतो मी. घरी गणित कोण घेतं हिचं?"

"हिचे बाबा," मी म्हटलं.

"बाबा तर जिन्याने येतात," ईरा म्हणाली.