उरलेला जोर
ठाण्यातल्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरबाहेर रसिका आईच्या ऑपरेशनसाठी थांबली होती. शेजारी शुभदा आणि तिचे दीर विश्राम बसले होते. बाळकुमच्या नाक्यावरच्या गोळीबारात शुभदाचा मुलगा नील सापडला होता. विश्राम पोलिसांच्या शस्त्रागारात नोकरीला होते.

"भाऊजी, गोळी आधी पुढच्या माणसातून आरपार गेली ना? मग नीलला लागेपर्यंत तिचा जोर गेला असेल."

"कमी झाला असणार, वहिनी. वेग निम्मा झाला की जोर पाव हिस्साच उरतो."

"पाव म्हणजे थोडाच."

"हो."

"तेवढ्याने माणूस जातो?"

"कुठे लागलीय, त्यावर आहे."

"पोटात लागलीय."

विश्राम उठून थिएटरच्या दारापाशी गेले.

दार उघडून डॉक्टर बाहेर आले.

"नीलचे नातेवाईक कोण?"

"मी काका."

"तुम्ही एकटेच आत या."

रसिका शुभदाजवळ सरकून बसली.