सुमतीची फोटो-कादंबरी

हसू नका, पण त्या वर्षी मी चक्क फोटोंच्या पुस्तकावर जळत होते. माझी धाकटी जाऊ सुमती रोझ बेलच्या बाजारातून फ्रेंच फोटो-कादंबऱ्या आणायची. पानभर फोटो आणि माणसांच्या तोंडाशी छापलेले संवाद. ती ते इथल्या क्रेओल बोलीत असं रंगवून सांगायची, की माझी सहा वर्षांची मिनी तिच्या मांडीवरून हलायची नाही. मी मात्र माझी आवडती जुनी, थोर कादंबरी उघडली की पोरगी पेंगलीच! माझ्या आवाजातच काहीतरी गुंगीचं असावं.

शेवटी न राहवून म्हटलं, "सुमती, पोरीला जरा चांगलं काही वाचून दाखव की."

"ताई, मो कोंतान सा! मला हेच आवडतं. तुम्हाला तुमचं आवडतं, मी कधी काही म्हटलं? पण द्या, तुमचंही वाचते."

मी मुद्दाम तीच जाड कादंबरी दिली. म्हटलं, आता कळेल.

पंधरा दिवसांनी सुमतीनं ती गोष्ट मिनीला सांगितली, रडून, ओरडून, हातवारे करून. मिनी धावत माझ्याकडे आली.

"आई, काकीकडे कसलं भारी पुस्तक आहे! तू का नाही गं असलं आणत?"