आधी बंद केलं, मग मोजलं

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष श्री. सुमंत खांबेटे, आपल्या मराठी शाळेच्या मुख्याध्यापिका शुभाताई, सत्कारमूर्ती डॉ. सुमेधा रिसबूड, त्यांच्या शेजारी बसून या कौतुकानं चांगलेच अवघडलेले विनयराव, आणि शनिवारची दुपार, बाहेरचा दमट उकाडा आणि हायवेवरचं ट्रॅफिक या तिन्हींना तोंड देऊन शुगर लँडच्या या सभागृहात जमलेले आपण सर्व, सगळ्यांना माझा मनापासून नमस्कार.

सुमंतरावांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. वर हळूच सांगितलंय, "मंजुषाताई, निरोपाचा कार्यक्रम आहे, जरा हलकंफुलकं बोला." प्रयत्न करते. पण सुमेधानं मला फोन करून नेमकं उलटं सांगितलं. म्हणाली, "ताई, बोलणार असाल तर उल्हासदादांचं सगळं बोला. नाहीतर दुसऱ्या कुणाला सांगू." आता सत्कारमूर्तींचं ऐकायचं की अध्यक्षांचं? सुमंतराव, तुम्ही मोठ्या मनाचे आहात.

सुमेधा आणि विनय पुढच्या आठवड्यात कायमचे अ‍ॅशबर्नला चाललेत, मुलाकडे. सत्तावीस वर्षं ही बाई मे महिना लागला की वायोमिंगमधल्या त्या नॅशनल पार्कमध्ये जायची आणि ऑक्टोबरात बर्फ पडायला लागलं की परत यायची. हिवाळाभर इथं युनिव्हर्सिटीत बसून उन्हाळ्यातले आकडे तपासायची. काम काय? तर जमिनीच्या पोटात आग आहे, ती काय करतेय यावर लक्ष ठेवायचं. तिथं गीझर आहेत, म्हणजे उकळत्या पाण्याचे फवारे जमिनीतून पन्नास-साठ फूट उडतात. माझ्या नागपूरच्या जाऊबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, गीझर बघायला एवढ्या लांब कशाला? आमच्या बाथरूममध्ये आहे की!"

पर्यटक फवारे बघून फोटो काढतात आणि पुढे जातात. सुमेधा मात्र लोक ज्यावरून चालतात ना, त्या लाकडी बोर्डवॉकच्या खाली जमिनीत सेन्सर पुरायची. तिथली जमीन वरून पांढरी, कोरडी, अगदी पक्की दिसते. खाली काही ठिकाणी जेमतेम वीतभर जाडीचा पापुद्रा, आणि त्याखाली उकळतं पाणी. आज घट्ट असलेली जागा महिन्याभरात पोकळ होऊ शकते. ते आधी कळावं म्हणून ते सेन्सर.

माझे यजमान, उल्हास वर्दे, तुमच्यापैकी जुन्या मंडळींना आठवत असतील. ऑइल कंपनीत पस्तीस वर्षं इंजिनिअर. रिटायर झाल्यावर घरात पिंजऱ्यातल्या वाघासारखे फिरायचे. संक्रांतीच्या कार्यक्रमात सुमेधा त्यांना म्हणाली, "उल्हासदादा, आमच्याकडे माणसं कमी आहेत. एखादा गीझर दत्तक घ्या. रोज किती वाजता उडतो, किती मिनिटं उडतो, एवढं लिहून द्या." झालं! त्या वर्षीपासून दर उन्हाळ्यात गाडीत खुर्ची, छत्री, दुर्बीण आणि चिवड्याचे डबे भरून अडीच दिवस ड्राइव्ह करत आमची वरात वायोमिंगला. त्यांच्या वाट्याला आलेल्या गीझरला त्यांनी नाव ठेवलं 'बंब'. बंब दिवसातून चार वेळा तापायचा. हे बोर्डवॉकवर खुर्ची टाकून बसायचे आणि वहीत लिहायचे, दहा बेचाळीस, सात मिनिटं, वारा पश्चिमेचा. संध्याकाळी सुमेधा ती वही घेऊन त्यांच्याशी तासभर वाद घालायची. मला वाटायचं, या माणसाला आठव्या वर्षी मिळायला हवी होती तशी मैत्रीण अडुसष्टाव्या वर्षी मिळाली. सहा उन्हाळे असे गेले. आमच्या संसारातले ते सगळ्यात आनंदाचे सहा उन्हाळे.

कोविडच्या आदल्या वर्षी, जुलैच्या तेरा तारखेला, शनिवारी सकाळी, उल्हास नेहमीच्या जागी बसले होते. बोर्डवॉक सोडला नाही, कठडा ओलांडला नाही. जिथं बसायला परवानगी होती तिथंच बसले होते. साडेदहाच्या सुमाराला त्यांच्या खुर्चीखालची जमीन खचली. बोर्डवॉकचे दोन खांब आत गेले, फळ्या तिरक्या झाल्या आणि ते घसरून खाली गेले. एका रेंजरनं आणि एका पर्यटकानं त्यांना ओढून काढलं. मी शंभर पावलांवर गाडीत डबा आणायला गेले होते.

हेलिकॉप्टरनं बर्न युनिटला नेलं. दोन्ही पाय मांड्यांपर्यंत आणि एक हात. मी स्वतः अ‍ॅनेस्थेटिस्ट. वय आणि भाजल्याची टक्केवारी यांची बेरीज शंभराच्या पुढे गेली की आशा फार कमी असते; ती बेरीज मला कुणी करून दाखवायची गरज नव्हती. पहिल्या दिवशी ते शुद्धीवर होते. सुमेधा धावत आली होती, तिला विचारलं, "बंब उडाला का गं नंतर?" ती म्हणाली, "उडाला, दादा. अकरा वाजून पाच मिनिटांनी." म्हणाले, "लिहून ठेव, मी नव्हतो." नवव्या दिवशी ते गेले.

एवढी गोष्ट तुम्हाला माहीत आहे. पुढची माहीत नाही.

उल्हास गेल्यावर महिन्याभरानं सुमेधा आमच्या घरी आली. एकटीच. बसली, पर्समधून एक घडी घातलेला कागद काढला आणि टीपॉयवर पसरला. म्हणाली, "ताई, हा त्या जागेच्या तापमानाचा ग्राफ. गुरुवारी मला हे दिसलं होतं. सहा अंशांनी वाढ. मला वाटलं, सेन्सर बिघडलाय. सोमवारी जाऊन पुन्हा मोजणार होते."

मला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. गुरुवार, शुक्रवार, शनिवार.

"बंद का नाही केलास रस्ता?" मी विचारलं.

"गेल्या वर्षी असंच दिसलं तेव्हा केला होता. ऐन सीझनमध्ये तीन दिवस. मग कळलं की बायसननं वायर तुडवली होती. सगळे हसले. या वेळी खात्री करून घ्यावी म्हटलं."

"आणि हे मला आत्ता सांगतेस?"

"चौकशीत सांगितलंय. ते म्हणतात, सेन्सर नेहमीच बिघडतात, यात कुणाचा दोष नाही. पण तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको होतं."

मी तिला म्हटलं, ऊठ. एवढा एकच शब्द. ती कागद तिथंच ठेवून गेली.

चार वर्षं मी तिच्याशी बोलले नाही. आपल्या गणपतीत ती हॉलच्या एका दारानं आली की मी दुसऱ्यानं बाहेर पडायची. तुमच्यापैकी काहींनी मला विचारलं, काय बिनसलं? मी म्हणायची, काही नाही, मला गर्दी सोसत नाही. विनयराव दिवाळीला फराळ घेऊन दारात यायचे, डबा ठेवून बेल वाजवायचे आणि मी दार उघडेपर्यंत गाडीत जाऊन बसलेले असायचे. मी डबा घ्यायची. तिच्या हातच्या चकल्या ओळखू यायच्या. मी त्या शेजाऱ्यांना द्यायची.

हे आज भर सभेत सांगताना मला बरं वाटत नाहीये. पण सांगा म्हणून तिनंच सांगितलंय.

चौथ्या वर्षी माझी मुलगी ऋता म्हणाली, "आई, बाबा जिथं बसायचे ती जागा मला बघायचीये. प्लीज." ती इथं जन्मलेली, प्लीज म्हटलं की संपलं. आम्ही गेलो. तर बंबाकडे जाणारा बोर्डवॉक बंद. आडवी साखळी, पाटी, आणि पाटीपुढे सुमेधा उभी. एक माणूस तिच्यावर मोठ्यानं ओरडत होता. आम्ही दोन हजार मैलांवरून मुलांना घेऊन आलोय, इथं तर काहीच धोका दिसत नाही, कोण तू रस्ता बंद करणारी? ती शांतपणे म्हणत होती, "सॉरी. पण बंदच राहील." तो शिवी देऊन गेला. तिनं साखळी नीट केली, वळली आणि तिला मी दिसले.

"ताई, तुम्ही?"

मी विचारलं, "किती अंश?"

"दोन."

"पुन्हा मोजलंस?"

ती म्हणाली, "आधी बंद केलं. मग मोजलं."

त्या दिवसाआधीच्या चार वर्षांत तिनं अकरा वेळा वाटा बंद केल्या होत्या. हे तिनं नाही, तिथल्या रेंजरनं मला सांगितलं. दहा वेळा काहीही झालं नाही. तिच्या नावावर तक्रारींचा ढीग साचला. मोठं पद मिळायचं होतं ते दुसऱ्याला मिळालं. अकराव्या वेळी, वाट बंद केल्यावर एकोणीस दिवसांनी, तीस फूट रुंद जमीन वाफेच्या स्फोटानं उडाली. फळ्यांचे तुकडे झाडांत जाऊन अडकले. तिथं माणूस नव्हता. वाट उघडी असती तर त्या दिवशी तिथं कोण कोण असतं, कुणाचे वडील, कुणाची मुलं, ते कुणालाच कधी कळणार नाही. त्यामुळे त्यांच्यापैकी कुणी आज सत्काराला आलेलं नाही.

साखळीपाशी भेटलो त्या दुपारी आम्ही तिघी गाडीत बसलो होतो. मी तिला माझ्या एका पेशंटचं सांगितलं. उल्हासलाही कधी सांगितलं नव्हतं. शुक्रवारी त्याच्या रक्ताचा रिपोर्ट विचित्र आला होता. लॅबची चूक असेल असं वाटून मी फाईलवर लिहिलं, सोमवारी रिपीट करू. रविवारी तो गेला. बेचाळीस वर्षांचा होता. त्याच्या बायकोकडे जाऊन तो कागद दाखवायची हिंमत मला झाली नाही. तीस वर्षं झाली. त्या बाईचं नाव मला अजून पाठ आहे.

सुमेधा आली होती ना माझ्या घरी? कागद घेऊन? मी नव्हते गेले.

मी तिला माफ केलं का, असं ऋता मला अधूनमधून विचारते. मला खरंच माहीत नाही. जुलै आला की अजूनही माझ्या मनात तो गुरुवार येतो, आणि तेव्हा मी सुमेधाचा फोन उचलत नाही. तिलाही ते माहीत आहे. ती ऑगस्टमध्ये फोन करते. पण उरलेले अकरा महिने, मंडळी, उल्हासबद्दल मी जर कुणाशी मोकळेपणानं बोलत असेन तर ती हीच. बाकी सगळे माझं सांत्वन करतात. तुम्ही फार प्रेमानं करता, मी आभारी आहे. पण हिच्याशी बोलताना उल्हास चिडके होतात, वारा पश्चिमेचा की नैर्ऋत्येचा यावरून भांडतात, चिवड्यातले शेंगदाणे वेचून खातात. त्या जागी ते काय होते हे पाहिलेलं दुसरं माणूस या शहरात नाही. पुढच्या आठवड्यापासून तेही नसेल. फोन आहे, व्हिडिओ आहे, सगळं आहे. तरी माझ्या किचनमध्ये बसून माझ्याशी वाद घालणारं कुणी नसेल.

सुमंतराव घड्याळ बघतायत. आवरते.

अध्यक्ष महाराज, आपण मला बोलू दिलंत, शुभाताई, आपण शाळेच्या मुलांना इतका वेळ शांत बसवलंत, आणि आपण सर्वांनी हे जड बोलणं ऐकून घेतलंत, त्याबद्दल मी ऋणी आहे. भाषण संपवताना काही अधिक-उणं बोलले असेन तर सांभाळून घ्या, असं म्हणायची आपल्याकडे रीत आहे. तुम्ही घ्यालच. पण मला आज ती विनंती एका व्यक्तीला, नाव घेऊन करायची आहे.

सुमेधा, उल्हास तुझाही मोठा भाऊ होता. तो गेला तेव्हा तुला रडायला एक घर हवं होतं, आणि ते माझंच होतं. मी तुला तिथून उठवलं. चार वर्षं तू त्याच्यासाठी बाहेर, एकटी रडलीस. ते माझं चुकलं. मला क्षमा कर.

नमस्कार.