अंगणातलं शेवाळ

बाजारातल्या खासगी दवाखान्यात दोन शेजारणी नंबरची वाट पाहत बसल्या होत्या.

“विमलताई, तुमच्या शेवंतीला यंदा घातलंत तरी काय?”

“अगं सीमंतिनी, तुझ्याच अंगणातलं शेवाळ! गेल्या वर्षी तू खरवडून फेकत होतीस, ते मागून नेलं ना मी? पाचोळ्यात कुजवलं, त्याचं छान खत झालं.”

“आमचे हे रोज चहा घेऊन गच्चीत जातात. तुमची शेवंती बघायला.”

“बघू दे की. तुलाही देते थोडं खत.”

“बिलकुल नको. आता माझं शेवाळ मी कुणालाच देणार नाही.”

“पण दिवाळीला तू अंगणभर फरशी घातलीस ना? शेवाळ धरणार कुठे?”

“उखडून टाकीन फरशी.”