नोएलीनची दुपार

हॅलो? नोएलीन?… मी गं, रेलीन. हो, हो… अगं ठेवू नकोस, आधी बातमी ऐक! रेडिओ स्टेशन परत मिळालं. आपलंच! कंपनीने परवाना सोडला, आता तो गावाच्या नावावर झालाय. सोमवारपासून पुन्हा माणसं बोलणार… रडतेयस की हसतेयस?… बरं, दोन्ही चालेल.

काय?… कुणाला फरक पडतो? अगं, कंपनीने आपल्याला घरी बसवल्यापासून गावाने ऐकलं काय? कॉम्प्युटर! सकाळी जी गाणी, तीच संध्याकाळी. गेल्या उन्हाळ्यात वणवा पार टेकडीपर्यंत आला, तरी आपल्या स्टेशनवर गिटारच वाजत होती. उत्तरेचा रस्ता बंद झालाय, एवढं सांगायला स्टुडिओत माणूस नाही! पेट्राकिस मंडळी पोराबाळांसकट धुरात शिरली, कशीबशी परत फिरली. त्यानंतरच तर गाव पेटून उठलं… हो, स्टेशन परत मागायच्या अर्जावर सह्या पेट्राकिसबाईंनीच गोळा केल्या.

ऐक ना. सकाळ माझी. दर रविवारी आपला डेस्मंड ब्लूजची जुनी गाणी लावणार… हो, अजून तितकाच बोअर करतो. आणि दुपार, कारखान्याची शिफ्ट सुटते ती वेळ, तुझी.

…

हळू बोल. मला घाई नाही… नाही, सगळं कळतंय मला… हो गं, पक्षाघाताचा झटका आला, जीभ जड झाली, ठाऊक आहे. दवाखान्यात तुझ्या उशाशी मीच बसले होते ना?… नाही, नुसती गाणी निवडून द्यायची नाहीत. बोलायचं.

अडखळशील? मग अडखळ! फुटबॉल क्लबच्या मागे जुन्या कॅरव्हॅन गाडीत स्टेशन सुरू केलं, तेव्हा मी गावाचं नावच चुकीचं सांगितलं होतं. थेट प्रक्षेपणात! लोकांनी फोन करून खिदळून घेतलं आणि लगेच फर्माईश सांगितली… हसू नकोस, तूच माइकचं बटण दाबलं होतंस.

काय?… शब्द सापडेपर्यंत शांतता राहील? राहू दे. शिफ्ट सुटलेली माणसं गाडीत बसलेली असतात, त्यांना कुठे पळायचंय? थांबतील… खोटं का बोलू? कोणी स्टेशन बदलेलही. बदलू दे.

…

हं… हं… थांबलेय मी… आहे, फोनवरच आहे…

म्हटलंस! अगं, स्टेशनचं नाव अख्खं म्हटलंस! लागला वेळ, लागू दे… मी नाही रडत. कांदा चिरतेय.

बरं, पहिलं गाणं मी ठरवलंय. ते ढोलांचं, सगळ्यांना पाठ असलेलं… का? काय वाईट आहे त्यात?… कंपनीने वाजवून वाजवून चोथा केला, हे मान्य… मग कुठलं?… रेकॉर्डची दुसरी बाजू? ती पूर्ण? मध्ये जाहिराती कुठे घालू, बाई?… शिव्या मात्र अजिबात न अडखळता देतेस हं!

रेकॉर्ड्स? आहेत की. कंपनीने फेकल्या तेव्हा आमच्या केव्हिनने उचलून आणल्या, घरामागच्या शेडमध्ये आहेत… नाही, पुसल्या नाहीत अजून… उन्हात नाहीत गं… थोडंसं ऊन येतं, खिडकीतून… वाकल्या नसतील, ओरडू नकोस!

आत्ता यायचंय बघायला? अगं, आज शुक्रवार आहे, कार्यक्रम सोमवारी!… जेवून तरी घे… बरं, बरं, येते न्यायला. काठी घे बरोबर. आणि दारातच उभी राहू नकोस, मला यायला… हॅलो?… नोएलीन?

ठेवला. केव्हिन! गाडीची किल्ली दे. आणि पळ, शेडच्या खिडकीला आधी चादर लाव!