पट्टा कोणाच्या कमरेले

आता तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं?

त्या दिवशी आंधळगावले काकूकडे गेलो. टीव्हीवर ती कुस्तीवाली बाई हरली, जिच्या कमरेले वर्षभर महिला चॅम्पियनचा पट्टा होता. मी म्हटलं, "बरं झालं. फुसकीच होती हिची चॅम्पियनगिरी. दर वेळी नवरा रिंगमध्ये घुसे, समोरचीले खुर्ची हाणे अन् मग हिचा हात वर करे."

काकू म्हणाली, "पण पट्टा तर तिच्याच कमरेले होता ना?"

"लढे नवरा, माइकवर बोले नवरा. मग चॅम्पियन कोण झालं?"

काकूनं हातातला रिमोट खाटेवर आपटला. मले समजेना, हिले काहून राग आला. मग ध्यानात आलं, मागच्या खेपेले महिला राखीव जागेवर काकूच सरपंच होती. सावरासाठी म्हटलं, "काकू, तुझी सरपंचकी मात्र मस्त झाली, नाही?"

काकूनं तोंड उघडलं, तेवढ्यात आतून काकाच बोलले, "मस्त म्हणजे? गावातल्या साऱ्या नाल्या मी बांधल्या."

मी गोंधळून काकूकडे पाहिलं. ती टीव्हीकडेच पाहून राहिली होती.

"तिचा नवरा," ती म्हणाली, "शेवटी तिचा हात तरी वर करे."